शंका पुरेशी असते

चंडीगडच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एयरोसिटी नावाची नवी वसाहत आहे. लोकांच्या बोलण्यात ती चंडीगडची असली, तरी कागदोपत्री ती पंजाबच्या साहिबजादा अजितसिंग नगर, म्हणजे मोहाली जिल्ह्यात येते. एका बाजूला केंद्रशासित चंडीगड, त्यापलीकडे हरियाणाचे पंचकुला. थोडक्या अंतरात तीन प्रशासने, तीन पोलीस दले, तीन शिक्षण खाती. समजा, पंचकुल्यात राहणारे एक मूल एयरोसिटीजवळच्या शाळेत शिकते आणि वाटेत, चंडीगडच्या हद्दीत, शाळेच्या व्हॅनमध्ये त्याच्याशी काही वाईट घडते. वर्गावरच्या बाईंच्या ते लक्षात येते. त्यांनी कुठल्या ठाण्यात जायचे? हद्द कोणाची? आणि हाती पुरावा नसताना कोणत्या तोंडाने बोलायचे?

या प्रश्नांना आपल्या कायद्याने दिलेली उत्तरे थक्क व्हावे इतकी सोपी आहेत. कोणतेही ठाणे चालेल. पुरावा गोळा करणे बाईंचे काम नाही. आणि ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य होत नसेल तर देशात कुठूनही फिरवता येणारा चार आकड्यांचा फुकट क्रमांक आहे, १०९८. हा क्रमांक मुंबईत जन्मला. पण त्याच्याआधीची गोष्ट पाहायला हवी, कारण मुलांवरचा अत्याचार ओळखायला जगाने फार उशीर केला.

डॉक्टरांनाही दिसत नव्हते

पॅरिसमधले न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्द्यू यांनी १८६० साली मुलांच्या छळाची ३२ प्रकरणे एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ मुले दगावली होती. मारणारे बहुतांशी घरचेच होते. भाजल्याच्या खुणा, वळ, मोडलेली हाडे, सारे तार्द्यू यांनी बारकाईने नोंदवले. त्यांच्या समकालीनांनी त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. आईबाप असे करतील यावर विश्वास ठेवायला समाज तयार नव्हता, आणि डॉक्टर त्याच समाजातले होते.

१९४६ साली अमेरिकेतले बालरोग-क्षकिरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांचे निरीक्षण मांडले. मेंदूभोवती जुना रक्तस्राव आणि हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग. आईवडील म्हणत, बाळ पडलेच नाही. एक्स-रे मात्र वेगळे सांगत होता. तरीही कॅफी यांनी त्या लेखात कोणावर उघड बोट ठेवले नाही.

ते बोट ठेवले डेन्व्हरच्या हेन्री केंप यांनी. जुलै १९६२ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली होती. एका वर्षात ३०२ मुले मारहाणीने जखमी होऊन आली होती. ३३ मरण पावली, ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली. केंप यांनी या अवस्थेला वैद्यकीय नाव दिले आणि डॉक्टरांना बजावले की शंका आली तर गप्प राहता येणार नाही. परिणाम विलक्षण वेगाने झाला. १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत मुलांचा छळ कळवणे बंधनकारक करणारे कायदे झाले. तार्द्यू यांच्यापासून मोजले तर शंभरावर वर्षे वाया गेली होती. या काळात खुणा तेवढ्याच होत्या, पाहणारे डोळेही होते. जे दिसते ते मान्य करण्याची तयारी तेवढी नव्हती.

मुंबईतला क्रमांक

भारतातली वाट रुग्णालयातून निघाली नाही, ती रेल्वेच्या फलाटावरून निघाली. जेरू बिलिमोरिया या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत आणि स्थानकांवर, रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांमध्ये काम करत. अडचण आली की मुले त्यांना अपरात्री फोन करत. कुणाला मार लागलेला असे, कुणी तापाने फणफणलेले असे, कुणाला उचलून नेलेले असे. मुलाला मदत हवी असते ती कचेरीची वेळ पाहून नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले. जून १९९६ मध्ये संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली.

तिचा क्रमांक १०९८. दहा, नऊ, आठ असा उतरत्या क्रमाने म्हटला की अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही तोंडी बसतो. मुले तो हिंदीत ‘दस-नौ-आठ’ असाच म्हणत. मुंबईतून तो देशभर पसरला. २०२३ पासून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मिशन वात्सल्यखाली ही सेवा राज्यांच्या नियंत्रण कक्षांकडे आणली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. फलाटावरच्या मुलांसाठी निघालेला क्रमांक आज एयरोसिटीतल्या उंच इमारतीतले मूलही फिरवू शकते, त्याच्या बाईही आणि शेजारीही.

गरज केवढी होती हे २००७ साली आकड्यांत दिसले. केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण ५२.९४ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ हे घराघरांतले वाक्य या एका आकड्याने खोटे पाडले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

कायदा नेमके काय मागतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, लागू झाला. त्याचे कलम १९ प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ असावे. मुलावर असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडेल अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे आहे. ‘प्रत्येक व्यक्ती’त वर्गशिक्षक आले, शिपाई आले, शाळेतल्या मावशी आल्या, व्हॅनचालक आणि संस्थाचालकही आले. बाईंनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातले म्हणजे कर्तव्य संपले, असे या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

माहिती असून कळवले नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट, प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे अभयही कलम १९ मध्येच आहे. म्हणून नुसती शंका असली तरी १०९८ वर बोलायला हरकत नाही. पुढची शहानिशा करणे हे ज्यांचे काम आहे, ते ती करतात.

हद्दीचा प्रश्न १ जुलै २०२४ पासून आणखी सोपा झाला. त्या दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी, ठाण्याला नोंदवून घ्यावीच लागते. याला आपण झिरो एफआयआर म्हणतो. मोहालीच्या ठाण्याने चंडीगडकडे बोट दाखवायचे नाही आणि चंडीगडने पंचकुल्याकडे.

मारहाण आणि हेळसांड यांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याचा छळ केला किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केले तर कलम ७५ लागते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला कोणीही जागरूक नागरिक जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेऊ शकतो. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सदस्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. आणि मारणारा हात शाळेचाच असेल तर? शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली आहे. छडीचा आदर बाळगणाऱ्या आपल्या समाजाला हे पचायला वेळ लागतो आहे, पण कायदा स्वच्छ आहे.

राजुरा आणि बदलापूर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघड झाले. मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरांना मुलींकडून हा प्रकार कळला होता, पण त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुधा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो, असे न्यायालयाने सांगितले. तत्काळ कळवले नाही तर वैद्यकीय तपासणी लांबते, खुणा पुसल्या जातात आणि खटलाच कमकुवत होतो. कळवण्याचे कलम हा या कायद्याचा कणा का आहे, ते राजुऱ्याने दाखवले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार आली. पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि शाळेने वेळेत का कळवले नाही, हा प्रश्न विचारला. संस्थाचालकांवरही न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. शाळांमध्ये सखी सावित्री समिती, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी या गोष्टी शासनाच्या कागदावर आधीपासून होत्या. त्या प्रत्यक्षात आणण्याचे आदेश घटनेनंतर पुन्हा निघाले. पेटी भिंतीवर लागली की काम संपत नाही. ती कोण उघडतो, कोणासमोर उघडतो आणि चिठ्ठी निघाली तर तासाभरात काय होते, यावर तिची किंमत ठरते.

काय पाहावे

मूल सहसा शब्दांनी सांगत नाही. चंडीगडमध्येच २०१७ साली दहा वर्षांच्या एका मुलीला पोट दुखते म्हणून दवाखान्यात नेले, तेव्हा ती गर्भवती असल्याचे कळले. दिवस इतके वर गेले होते की वैद्यकीय मंडळाच्या मतानंतर सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला परवानगी नाकारली. पुढे नात्यातल्या दोघांना जन्मठेप झाली. कित्येक महिने हे मूल माणसांत वावरत होते आणि कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

दिवसाचे पाच-सहा तास मुलाला पाहणारी घराबाहेरची व्यक्ती म्हणजे शिक्षक. हजेरीपट, मधल्या सुट्टीतला डबा, खेळाचा तास, वहीतले अक्षर, एवढी साधने त्याच्या हाताशी रोज असतात.

मारहाणीची खूण कुठे आहे ते आधी पाहावे. धावताना पडलेल्या मुलाला लागते ते गुडघ्याला, नडगीला, कोपराला, कपाळाला. हाड कातडीलगत असते तिथे. कान, मान, गालाचा मऊ भाग, पोट, पाठ, मांडीची आतली बाजू इथले वळ आपसूक पडत नाहीत. दुमडलेल्या वायरीचा वळ फासासारखा उमटतो. सिगारेटचा चटका गोल आणि ठळक काठाचा असतो. गरम पाण्यात मुद्दाम बुडवलेल्या पायावर भाजल्याची रेषा सारख्या उंचीवर, सरळ येते. सांगितलेली हकिकत दर वेळी बदलत असेल किंवा जखमेशी जुळत नसेल, तर तीही खूणच. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे मात्र खात्रीने ठरवता येत नाही. त्या फंदात पडू नये.

चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. पुष्कळ भारतीय बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर-राखाडी डाग असतात. ते माराचे नव्हेत. मेळघाटात पोटफुगी झालेल्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. घरच्यांचा हेतू बाळ बरे व्हावे हाच असतो, पण बाळाला होणारी इजा खरी असते आणि तिथेही मदत बोलवावीच लागते.

हेळसांड ओळखणे सर्वांत अवघड, कारण ती हळूहळू होते आणि गरिबीसारखी दिसते. पोषण आहारातले अन्न लपवून ठेवणारे मूल, मोहालीच्या धुक्याच्या थंडीत रोज स्वेटरविना येणारे, दात किडून सुजले तरी महिनोन्‌महिने औषध न मिळालेले, धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून वारंवार गैरहजर, शाळा सुटल्यावर तासभर दाराशी एकटे उभे. गरीब घर आणि बेपर्वा घर यांत फरक करावा. स्वेटर परवडत नसेल तर स्वेटर द्यावा, योजना मिळवून द्यावी. मदत पोहोचूनही मूल तसेच राहिले, तर प्रश्न निराळा.

लैंगिक अत्याचारात अंगावर काहीच दिसत नाही, असेच पुष्कळदा घडते. बदलते ते वागणे. एका ठरावीक माणसाची, खोलीची किंवा व्हॅनची अचानक धास्ती. बंद झालेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू होणे. बसताना-चालताना दुखणे, लघवीची जळजळ. वयाला न शोभणारे लैंगिक ज्ञान. कुणी दिलेल्या न सांगण्याजोग्या भेटवस्तू. हुशार मुलाचे गुण एकाएकी कोसळणे. स्वतःला इजा करणे. यातली एकही गोष्ट एकटीने काही सिद्ध करत नाही. दोन-तीन एकत्र आल्या, त्या टिकून राहिल्या, की लक्ष द्यायची वेळ झाली. रोज दंगा करणारे मूल एकाएकी गुणी झाले, तर त्याचेही केवळ कौतुक करून सोडू नये.

मूल बोलले तर

हे क्षण फार मोलाचे असतात आणि घाईने बिघडतात. सगळे थांबवून ऐकावे. चेहऱ्यावर धक्का किंवा संताप दिसू देऊ नये. आपले काहीतरी चुकले असे मुलाला वाटते. ‘तू सांगितलंस हे फार बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे म्हणावे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘त्या काकांनीच केलं ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये. ‘मग काय झालं?’ पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत; शब्द बोबडे असले, बोलीतले असले तरी ते सुधारू नयेत.

काय करू नये ते त्याहून महत्त्वाचे. कपडे काढून पाहू नये, फोटो काढू नयेत, कपडे बदलायला किंवा अंग धुवायला सांगू नये. मुख्याध्यापक, मग समिती, मग संस्थाचालक अशी मुलाची फेरी काढू नये. दर वेळी तेच सांगताना मूल पुन्हा त्यातून जाते आणि पुढे न्यायालयात जबाबातल्या फरकाचे भांडवल होते. आरोप ज्याच्यावर आहे त्याला बोलावून जाब विचारू नये. तो सावध होतो. संशय घरातल्याच कुणावर असेल तर आधी घरी फोन न करता १०९८ ला किंवा पोलिसांना विचारून पुढचे पाऊल टाकावे. आणि मुलाचे नाव, वर्ग, शाळा यांतले काहीही पालकांच्या व्हॉट्सअॅप समूहात जाऊ देऊ नये. प्रसारमाध्यमांत ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे.

कळवल्यानंतर

कळवले की मुलाला ठाण्यात बसवून ठेवतील, या भीतीने अनेक हात फोनपाशी थांबतात. पॉक्सोमध्ये तसे नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बऱ्या वाटणाऱ्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात नसताना. विश्वासातले माणूस सोबत असते. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. न्यायालयात मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत याची व्यवस्था करायची असते आणि खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवायचा असतो. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून पीडित मुलांना अर्थसाह्यही मिळते. कागदावरचे हे सगळे प्रत्येक ठिकाणी नीट पाळले जात नाही, हे बदलापूरने दाखवलेच. पण नियम काय आहे हे ठाऊक असलेला शिक्षक तो पाळा म्हणून ठाम उभा राहू शकतो, आणि मुलाच्या बाजूला तसे एक माणूस असले की पुष्कळ फरक पडतो.

‘शाळेची बदनामी होईल’ हे वाक्य या सगळ्याच्या आड येते. राजुरा आणि बदलापूर दोन्हीकडे लोकांचा संताप झाला तो दडवण्यावर. वेळेत कळवणारी शाळा पालकांचा विश्वास राखते. गप्प राहणारी शाळा मूल गमावते, आणि मग नावही.

म्हणून शिक्षकहो, आज एवढेच करा. १०९८ हा क्रमांक शिक्षक-खोलीत, वर्गात आणि व्हॅनमध्ये मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. तो मुलांकडून पाठ करून घ्या. आपल्या पोलीस ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती यांचे क्रमांक आधीच मिळवून ठेवा. आणि ज्या दिवशी मनात शंका येईल, त्या दिवशी खात्री होण्याची वाट पाहू नका. खात्री करणे हे तपास अधिकाऱ्याचे काम आहे. तुमचे काम कळवणे.